आवाजावरून मनाचा निकाल लावू देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

विषय: बोलण्याच्या ध्वनिमुद्रणावरून नैराश्य, चिंता इत्यादी ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत

स.न.वि.वि.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माणसांचे आवाज ऐकणे, मोजणे आणि बिघडलेला आवाज पुन्हा वळणावर आणणे हे माझे रोजचे काम. अलीकडे महाविद्यालये, कंपन्यांचे एचआर विभाग आणि खासगी दवाखाने यांच्यापुढे एक नवे तंत्र विक्रीसाठी मांडले जात आहे. माणसाने फोनमध्ये अर्धा मिनिट काहीही बोलायचे आणि त्यावरून संगणकाने सांगायचे की हा नैराश्यात आहे की नाही. अशाच एका सादरीकरणाला एका महाविद्यालयाने मला आवाजातली जाणकार म्हणून बोलावले होते. बेत असा होता की प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याचा आवाज घ्यायचा, पुढे दर सहामाहीला तपासायचा आणि ज्यांचा अंक जास्त येईल त्यांची यादी विभागप्रमुखांकडे द्यायची. यादी समुपदेशकाकडे न देता विभागप्रमुखांकडे का, असे मी विचारले. समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात, असे उत्तर मिळाले.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते. आवाजावरून काढलेला असा कोणताही अंक हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३ प्रमाणे एखाद्याला मानसिक आजारी ठरवणेच आहे, असे प्राधिकरणाने जाहीरपणे सांगावे. उपचाराच्या खोलीबाहेर, म्हणजे महाविद्यालयात, नोकरीत, विम्यात, पोलीस ठाण्यात त्याचा वापर होऊ देऊ नये, असा सल्ला राज्य सरकारला द्यावा. राज्यातल्या मानसिक आरोग्य संस्थांचे निकष ठरवणे आणि त्यांवर देखरेख ठेवणे हे कायद्याने आपले कामच आहे.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. माझ्या टेबलावरच्या संगणकात आवाजाचे आलेख काढणारे सॉफ्टवेअर रोज चालू असते आणि त्याशिवाय माझे पान हलत नाही. मन आवाजात उतरते हेही मला कोणी पटवून द्यायला नको. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे की नैराश्याचे रुग्ण हळू, अडखळत, एकसुरी आणि खालच्या आवाजात बोलतात. माझ्याकडेही असे रुग्ण येतात. एक तरुणी आली होती, आवाज पूर्ण गेलेला. नुसती कुजबुज. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पाहिले, स्वरतंतू ठणठणीत होते. मी तिला खोकायला सांगितले. खोकला खणखणीत आला, म्हणजे स्वर होता, फक्त बोलताना तो उठत नव्हता. खोकल्यावरून ‘हं’, ‘हं’वरून लांबवलेला ‘हूं’, मग ‘हो’, मग तिचे स्वतःचे नाव, असे करत तिचा आवाज त्याच बैठकीत परत आला. आवाज येताच ती रडू लागली. घरात काय चालले होते ते तिने त्यानंतर सांगितले. तेव्हा मन आणि आवाजाचे नाते मी नाकारणारी नाही. पण तिच्या आवाजावरून मला फक्त एवढेच कळले होते की काहीतरी विचारायला हवे. काय झाले आहे ते तिने सांगितल्यावरच कळले.

ही यंत्रे नेमके काय शिकतात ते पाहू. आवाजातले मोजता येण्याजोगे घटक आधी वेगळे काढले जातात: स्वराची उंची, तिच्यातले चढउतार, मोठेपणा, शब्दांमधली थांबण्याची जागा, स्वरतंतूंच्या कंपनातली बारीक अनियमितता, स्वरात मिसळलेल्या हवेच्या आवाजाचे प्रमाण. या क्षेत्रात बराच वापरला जाणारा ‘ई-जेमॅप्स’ हा संच अशा ८८ मोजमापांचा आहे. मग हजारो माणसांचे नमुने आणि त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीचे गुण संगणकासमोर ठेवले जातात आणि तो त्यांतला मेळ शोधतो. संशोधकांनी वर्षानुवर्षे वापरलेला एक संग्रह दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाला. त्यात १८९ मुलाखती आहेत. पडद्यावर ‘एली’ नावाची आभासी बाई प्रश्न विचारते, तिला दुसऱ्या खोलीतून माणसे चालवतात, आणि समोरचा अमेरिकन इंग्रजीत उत्तरे देतो. नैराश्य किती, हे ठरले त्या माणसाने भरलेल्या आठ प्रश्नांच्या पीएचक्यू-८ या प्रश्नावलीवरून.

इथे थोडे थांबून पाहावे असे मी आपल्याला विनवते. यंत्र नैराश्य ओळखायला शिकलेले नाही. या माणसाला प्रश्न विचारले असते तर त्याने कागदावर काय उत्तर दिले असते, एवढा अंदाज बांधायला ते शिकले आहे. तीच प्रश्नावली, नऊ प्रश्नांची (पीएचक्यू-९), मराठीतही वापरात आहे. भरायला काही मिनिटे लागतात, वापरायला पैसे पडत नाहीत. तिचा नववा प्रश्न मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात येतात का, हा आहे. ज्याला तो सरळ विचारता येतो, त्याचा आवाज चोरून ऐकायची गरज काय? लोक खरे सांगत नाहीत, लाज वाटते, असा यावर युक्तिवाद होतो. तो अगदी खोटा नाही. पण जो माणूस विचारल्यावर सांगत नाही त्याला सांगावेसे वाटेल अशी जागा तयार करणे हे मानसिक आरोग्याचे काम आहे. त्याच्या नकळत त्याच्याकडून काढून घेणे हे नाही.

आता आवाजाबद्दल, कारण तिथे मी अधिकाराने बोलू शकते. आवाज खाली जाणे, एकसुरी होणे, दमल्यासारखा येणे याची कारणे माझ्या केसपेपरांवर ढिगाने सापडतील. साठ मुलांच्या वर्गात दिवसभर ओरडून स्वरतंतूंवर गाठी आलेल्या शिक्षिका. थायरॉईड कमी असल्याने जाड झालेला आवाज. वर्षानुवर्षांची मिश्री किंवा तंबाखू. दम्याचा पंप. ऐकू कमी येत असल्याने स्वतःच्या आवाजाचा अंदाज सुटलेले लोक. साधी सर्दीसुद्धा.

पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, उदाहरण तर रोजचे आहे. एक गृहस्थ एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर आवाज इतका खाली गेला की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येईना. चेहऱ्यावरचे भाव गेले, बोलण्यातली चढउतार गेली. घरच्यांनी ठरवून टाकले होते की बाबांनी काहीतरी मनाला लावून घेतले आहे, आता त्यांना कशातच रस नाही. पार्किन्सनमध्ये आपण मोठ्याने बोलतो आहोत असेच रुग्णाला वाटत असते, म्हणून त्याला मुद्दाम जोर लावून बोलायला शिकवावे लागते. मी त्यांना म्हटले, काका, गाडी भरली आहे, मागच्या सीटवरचा माणूस झोपला आहे, स्टॉप सांगा. त्यांनी छाती भरून घेतली आणि ‘स्वारगेट’ अशी हाक दिली. बाहेर बसलेली त्यांची सून धावत आत आली. त्यांच्या मनात उदासी होती का? पार्किन्सनच्या अनेक रुग्णांना नैराश्य येते, म्हणून मी तेही वेगळे विचारले, आणि त्यांनी सविस्तर उत्तर दिले. झोप लागते, नातवाशी पत्ते खेळतो, फक्त कोणी ऐकत नाही म्हणून बोलणे सोडले, असे म्हणाले. त्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यावर यंत्राने काय शेरा मारला असता याबद्दल मला फारशी शंका नाही.

मराठीचा म्हणून स्वतंत्र विचार कोणी केलेला मला दिसत नाही. आपल्या भाषेत ‘घ’, ‘झ’, ‘ध’, ‘भ’ तर आहेतच, शिवाय ‘म्हैस’, ‘उन्हाळा’, ‘कोल्हा’, ‘व्हावे’ यांतले महाप्राणही आहेत. हे वर्ण उच्चारताना पुढच्या स्वरात श्वास मिसळतो. स्वरात किती हवा मिसळली आहे, हे तर यंत्राच्या मोजमापांपैकी एक आहे, आणि इंग्रजीत असे वर्णच नाहीत. इंग्रजीवर शिकलेल्या यंत्राने मराठी माणसाच्या साध्या बोलण्यातला हा श्वास थकलेल्या आवाजाचे लक्षण म्हणून धरला तर? धरतेच असे मी म्हणत नाही. तपासून पाहिल्याशिवाय विकू नये, एवढे म्हणते. मालवणीतला हेल, वऱ्हाडीतला ठेका, अहिराणी, मराठवाड्यातली लय, पारध्यांच्या किंवा गोंडांच्या वस्तीवरून दुसरी भाषा म्हणून मराठी बोलणाऱ्यांचा संथपणा, हे सगळे एकाच फूटपट्टीने मोजायचे का? शब्द ओळखून अंदाज बांधणाऱ्या प्रणालींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अमेरिकेतच २०२० मध्ये पाच बड्या कंपन्यांच्या वाक्-ओळख प्रणाली तपासल्या गेल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकले आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. एकाच देशात, एकाच भाषेत.

आणि आवाज पोचतो कुठल्या वाटेने? जुन्या पद्धतीच्या, ‘एचडी’ नसलेल्या फोन कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. पुरुषाच्या स्वराची मूळ उंची शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असते, बाईची दोनशेच्या आसपास, म्हणजे दोन्ही त्या पट्ट्याच्या खालीच. ती आडवळणाने काढावी लागते. मोजमाप करायचे तर मी रुग्णाला शांत खोलीत बसवते आणि तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर ठरवून घेते. कारण अंतर बदलले की आकडे बदलतात. गावातून, गोठ्यामागून, एसटी स्टँडवरून आलेल्या फोनला हे कुठून आणणार?

करोनाच्या काळापासून मी काही रुग्णांना फोनवरूनही शिकवते. त्यात मला कळलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवते. घरात एकच खोली असते, सासू शेजारी असते, नवरा दारात असतो. बाई न्हाणीघरात जाते, नळ सोडते आणि कुजबुजत बोलते. माझ्याशी ती फक्त आवाजाच्या व्यायामाबद्दल बोलत असते, तरी एवढी धास्ती. हेल्पलाइनला फोन करणारी कशी बोलत असेल? कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत. तिथे स्वराची उंची नाही, कंपनातली अनियमितता नाही, मोजायला फारच थोडे उरते. जिला सर्वांत जास्त गरज आहे, तिच्याच आवाजापुढे हे यंत्र बहिरे होते. उलट वडीलधाऱ्यांसमोर हळू, अडत बोलणे हे आपल्याकडे कितीतरी घरांत वळणच असते. त्या थांब्यांचा मनाच्या आजाराशी संबंध असेलच असे नाही.

आकड्यांकडे येते, कारण विक्रेते आकडेच दाखवतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन’ या नियतकालिकात अशाच एका साधनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान २५ सेकंदांचे मोकळे बोलणे, १४ हजारांहून अधिक प्रौढ, तुलना पीएचक्यू-९ शी. या क्षेत्रातला हा मोठा आणि नीट मांडलेला अभ्यास आहे. त्यात नैराश्य असलेल्यांपैकी ७१.३ टक्के ओळखले गेले आणि नसलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना यंत्राने बरोबर मोकळे सोडले. ऐकायला बरे वाटते. आता हे एका महाविद्यालयात लावून पाहू. हजार विद्यार्थी, त्यांतल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे असे धरू. यंत्र त्यांतले ७१ पकडेल, २९ सुटतील. उरलेल्या ९०० निरोगी मुलांपैकी साधारण २३८ जणांवर मात्र चुकीचा शिक्का बसेल. विभागप्रमुखांच्या हातात ३०९ नावांची यादी जाईल आणि तिच्यातल्या दर चौघांत जेमतेम एकाला खरा त्रास असेल. सुटलेल्या २९ जणांना कोणी विचारणार नाही, कारण यंत्राने त्यांना ठीक म्हटले आहे. मला सर्वांत जास्त काळजी या २९ जणांची वाटते. आणि हे आकडे तिथल्या इंग्रजीतले आहेत, मराठीतले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरसमोर हीच चूक फारशी घातक ठरत नाही. डॉक्टर दोन प्रश्न अधिक विचारतात, शंका फिटते, पुढचा केसपेपर येतो. तीच चूक यादी होऊन फिरू लागली की वसतिगृहातली खोली, कॅम्पस मुलाखत, शिष्यवृत्ती, पुढे लग्नाची बोलणी, कुठेही जाऊन पोचते. आपल्या समाजात ‘डोक्याचा प्रॉब्लेम आहे म्हणे’ एवढ्या वाक्याने काय होते, हे येरवड्याच्या आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयांतून बरे होऊन घरी न नेलेल्या माणसांनी भोगले आहे.

हे जाणूनच २०१७ चा कायदा लिहिला गेला. त्याचे कलम ३ म्हणते की मानसिक आजार राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनीच ठरेल, आणि उपचाराशी थेट संबंधित कारणासाठी किंवा कायद्याने सांगितलेल्या इतर बाबींसाठी सोडून कोणतीही व्यक्ती वा प्राधिकारी कोणाला मानसिक आजारी म्हणून वर्गात बसवणार नाही. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते, आणि कलम २४ तो हक्क इलेक्ट्रॉनिक व डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लावते. विक्रेते म्हणतात, आम्ही निदान करत नाही, आम्ही फक्त ‘वेलनेस स्कोअर’ देतो. त्यांना तसे म्हणावेच लागते. १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचे सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरण धरले जाते आणि त्याला औषध नियंत्रकांच्या नियमांतून जावे लागते. पण ज्या अंकावरून मुलाचे नाव यादीत चढते, त्याला काहीही म्हटले तरी त्या मुलाच्या दृष्टीने परिणाम तोच. म्हणूनच प्राधिकरणाने स्पष्ट भूमिका घेण्याची गरज आहे. नाव बदलून कायद्यातून निसटण्याची वाट बंद व्हायला हवी.

यंत्राने मन वाचले असे मानण्याची किंमत आपल्या राज्याने एकदा पाहिली आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत लहरींच्या चाचणीचाही आधार शिक्षा सुनावताना घेतला. जगभरातल्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप नोंदवले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदूचाचण्या संमतीशिवाय कोणावरही लादता येणार नाहीत. आरोपीला जे संरक्षण आहे ते अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलीला आणि कॉल सेंटरमध्ये मुलाखतीला आलेल्या मुलाला नसावे, हे मला पटत नाही.

युरोपीय संघाने याबाबत रेष आखली आहे. त्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत आवाज, चेहरा अशा शारीरिक खुणांवरून भावना ताडणाऱ्या प्रणालींना मनाई आहे. वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांचा अपवाद ठेवला आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अशी रेष नाही. आरोग्याची माहिती जास्त नाजूक म्हणून तिला वेगळा दर्जा त्यात दिलेला नाही, आणि नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाट मालकांना त्याच्या कलम ७ ने खुली ठेवली आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणार. तोवर आपला २०१७ चा कायदाच या मुलांचा आधार आहे.

संमतीबद्दल एवढेच म्हणते की प्रवेश अर्जावर, इतर वीस खुणांच्या रांगेत, इंग्रजीत लिहिलेल्या चौकोनात केलेली खूण ही संमती नव्हे. नाही म्हटले तर प्रवेश अडेल अशी भीती जिथे आहे, तिथे हो म्हणण्याला अर्थ नसतो.

हेल्पलाइनबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, म्हणजे १४४१६, ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू आहे. रात्री दोन वाजता मराठीत बोलणारे माणूस फोन उचलते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थी असतानाच्या काळात अशक्य होती. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. अशा राज्यात त्या क्रमांकावरचा विश्वास जपणे हे प्राधिकरणाचे पहिले कर्तव्य आहे. तिथली ध्वनिमुद्रणे यंत्र शिकवायला द्यावीत, मराठीचा एवढा मोठा साठा दुसरीकडे मिळणार नाही, असे कोणीतरी कधीतरी सुचवणारच. अमेरिकेत ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ या संकटकाळी संदेशांवर आधार देणाऱ्या संस्थेने नावे काढून टाकलेले संवाद स्वतःशी निगडित व्यापारी कंपनीला ग्राहकसेवेचे सॉफ्टवेअर बनवायला दिले होते. २०२२ च्या जानेवारीत ते उघड झाले, लोक संतापले आणि काही दिवसांतच तो व्यवहार थांबवावा लागला. फिनलंडमध्ये ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला वेगळा संदेश पाठवून खंडणी मागितली. तिथे लिहिलेल्या नोंदी होत्या, इथे माणसाचा प्रत्यक्ष आवाज असेल, आणि आवाजावरून माणूस ओळखता येतो. १४४१६ वर बोलले की आवाज कुठेतरी तपासला जातो, अशी नुसती कुणकुण गावात पसरली तरी फोन येणे थांबेल.

मग हे तंत्र कुठेच नको का? मला एक जागा खरोखर आशेची वाटते. एकाच माणसाच्या आवाजाची त्याच्याच आधीच्या आवाजाशी तुलना. द्विध्रुवीय (बायपोलर) आजाराच्या रुग्णात उन्मादाची लाट येण्याआधी बोलण्याचा वेग वाढतो, थांबे कमी होतात, रात्रीचे फोन वाढतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या फोनवरील बोलण्याचा, त्यांच्या संमतीने, बराच काळ अभ्यास केला आहे. इथे मालवणी विरुद्ध वऱ्हाडी असा प्रश्न येत नाही. घोगरेपणा असला तर तो आधीही होता. निदान डॉक्टरांनी केलेले असते, रुग्णाला काय चालले आहे ते ठाऊक असते, इशारा डॉक्टरांकडे आणि रुग्णाकडे जातो, आणि नको वाटले त्या दिवशी तो बंद करता येतो. या आजारावरची लिथियमची गोळी चुकली आणि मुलगा रात्रभर बोलतो आहे, हे आईच्या आधी कळले तर रुग्णालयात भरती होणे टळू शकते. अशा प्रयोगाला आपण उत्तेजन द्यावे, त्यात मी आनंदाने काम करीन.

सरसकट चाळणी मात्र आपल्याकडे वेगळ्याच ठिकाणी अडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या लोकांची नीट मोजणीही त्यात झाली नाही. त्रास असलेली माणसे सापडत नाहीत म्हणून ती उपचाराविना राहतात, असे फार थोड्या ठिकाणी घडते. आशाताईला गावातले कोण जेवत नाही, कोण शेतावर जायचे थांबले, हे ठाऊक असते. शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशांनी घरोघरी जाऊन हेच काम केले आहे. त्या माणसाला घेऊन जायचे कुठे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाची मजुरी बुडवून पोचल्यावर डॉक्टर भेटतील का, इथे गाडे अडते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केले आणि त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत आधार दिला. त्याचा नीट तुलनात्मक अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि रुग्णांची लक्षणे नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाल्याचे दिसले. ध्वनिमुद्रणाच्या परवान्यांवर जाणारा पैसा तालुक्यागणिक अशा माणसांवर खर्च झाला तर काय होईल, याचा हिशेब आपल्या कार्यालयाने एकदा मांडून पाहावा.

मराठीसाठी हे साधन कोणाला आणायचेच असेल तर आधी ते ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत, त्या त्या भागातल्या बोलींसह तपासले जावे. निकष म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची प्रत्यक्ष मुलाखत असावी, नुसती प्रश्नावली नको. प्रत्येक सहभागी व्यक्तीचा घसा आणि कान तपासलेले असावेत. बाई, पुरुष, वृद्ध, तृतीयपंथी, यांच्याबाबत चुका किती आणि कोणत्या दिशेने झाल्या, ते वेगवेगळे छापले जावे, विक्रेत्याच्या खर्चाने पण विक्रेत्याच्या हातात न देता. आणि यंत्राने ज्याचे नाव पुढे केले त्याला किती दिवसांत माणसाने भेटायचे, ते आधी ठरलेले असावे. ते ठरत नसेल तर त्याचे नाव पुढे करूच नये.

टेलिमानसच्या कॉलबाबत एक ओळीचा लेखी खुलासा हवा आहे: हे बोलणे मुद्रित होते का, होत असेल तर किती दिवस राहते, आणि कोणतेही यंत्र शिकवायला ते वापरले जाणार नाही याची हमी. तो खुलासा मराठीत असावा आणि फोन करणाऱ्याला सहज सापडेल असा असावा.

या सगळ्याआधी एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. राज्यातल्या कोणत्या महाविद्यालयांत, रुग्णालयांत आणि सरकारी कार्यालयांत अशा साधनांची चाचणी किंवा खरेदी सुरू आहे, याची माहिती मागवावी आणि ती यादी जनतेसमोर ठेवावी. मी ज्या सादरीकरणाला गेले होते त्या संस्थेला मी माझा नकार आणि वरची सारी कारणे लेखी कळवली आहेत. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी आपले परिपत्रक निघाले तर त्यांच्यासारख्या इतरांनाही निर्णय घेणे सोपे जाईल. मराठी नमुन्यांच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्ट लागले तर मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला वेळ द्यायला तयार आहोत.

कळावे.

आपली विश्वासू,
एक स्पीच थेरपिस्ट